मामाचे डोळे माझ्याकडे कसे आले

महायुद्ध चालू होतं, आणि उंब्रजकडच्या आमच्या गावात फौजेत न गेलेला तरणा पोरगा म्हणजे फडात विसरून राहिलेली उसाची मोळी. मी सांगलीला इंटर सायन्सला होतो. पण वडील स्वतः हवालदार होऊन परतलेले. त्यांनी मला धरून साताऱ्याला भरतीला नेलं.

उंची भरली, छाती भरली. मग डॉक्टरांनी रंगीत लोकरीचे गुंडे पसरले. त्यातला एक हिरवा हातात देऊन म्हणाले, "याच्या जातीचे सगळे वेगळे काढ." मी ऐटीत ढीग रचला. डॉक्टर हसले, शेजारचा सुभेदार हसला. मला वाटलं, झालो शिपाई! ढिगात निम्मे गुंडे तांबडे नि तपकिरी निघाले.

वडील मला घेऊन तडक घरी परतले. उंबऱ्यात पाऊल पडताच आईवर सुटले. "ही तुज्या भावाची देणगी! त्यो बी मिरच्या तोडाय गेला की पिकल्यात हिरव्या मिसळून आनतो. त्या घरची पोर आता हितं यायची न्हाई!"

ती पोर म्हणजे रहिमतपूरच्या मामाची मुलगी. आमच्यात मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. आमचं लहानपणीच ठरलेलं, आणि मला तर ती फौजेपेक्षा कितीतरी जास्त हवी होती.

मी सांगली गाठली, जीवशास्त्राच्या सरांकडून सगळं समजून घेतलं आणि वडिलांना गप्प करायला परत आलो.

"आबा, हा रंगांधळेपणाचा दोष एक्स नावाच्या धाग्यावरनं येतो. बाईत असे दोन धागे, पुरुषात एकच, आणि तो आईकडनं आलेला. बाईचा एक बिघडला तर दुसरा सांभाळून घेतो. पुरुषाला दुसरा असतोच कुठं? आजीचा बिघडलेला धागा मामाला आला, आईलाही आला. आईला सगळे रंग दिसतात, पण तिच्याकडनं तो मला आला. यात कुणाचीच चूक नाही."

"म्हंजी माज्याकडनं काय बी न्हाई?"

"काही नाही."

वडिलांनी मिशीवर हात फिरवला. "आनि मामाच्या पोरीत?"

इथं गप्प बसायचं होतं. पण मी तोंडी परीक्षेला बसल्यासारखा खडखडीत बोललो, "तिच्यात तर नक्कीच असणार. बापाचा एकुलता एक एक्स प्रत्येक मुलीला जातोच. आमचं लग्न झालं तर मुलांना निम्मी शक्यता, मुलींनाही निम्मी."

"झालं मग," वडील म्हणाले. माझं लग्न मीच शास्त्रोक्त मोडलं होतं.

तोवर आई चुलीपासून उठली. "आवं, माजा भाऊ काय रंग बघून ऊस लावतो व्हय? रानात त्याच्याएवढा ऊस कुनाचा हाय सांगा!"

तिच्या आवाजानं मलाही चेव चढला. "होऊ द्यात पोरं माझ्यासारखी! लग्न करीन तर तिच्याशीच."

"माज्या घरात ह्ये चालायचं न्हाई!"

"मग दुसरं घर बघतो."

खिशात आणा नव्हता, पण बोलून बसलो. त्या तावातच रहिमतपूर गाठलं. मामाकडे मागणी घातली. तो बोलणीसाठी आपल्या चुलत्याला बोलवायला गेला तेवढ्यात मी मुलीला सगळं सांगितलं, शक्यतांसकट. लपवून तिला आणायची नव्हती.

तिनं नीट ऐकून घेतलं. बापाला ती दादा म्हणायची. "आमच्या दादांचं काय अडलं? आमी सांगतो रंग, त्ये करत्यात काम. आमची पोरं बी करत्याल. पर मला सांगा, लग्नाचं हिरवं लुगडं तुमी आनलं तर कसं असंल?"

"बहुतेक तपकिरी."

"अगं बया! मग मी येते संगट."

लग्नाआधी नवरी नवऱ्याबरोबर लुगडं घ्यायला? मामानं डोक्याला हात लावला, पण नको म्हणाला नाही. उंब्रजच्या बाजारपेठेतून आम्ही भर दुपारी चालत गेलो. वडील ओळखीच्या दुकानात टेकले होते. आम्हाला बघून उठून उभे राहिले. मी जागीच थांबलो. तिनं डोईवरचा पदर सारखा केला, त्यांना वाकून नमस्कार केला, आणि मला म्हणाली, "चला. उभं काय ऱ्हायलात?"