हजाएलच्या दगडापर्यंत, एझ्राकाकांसोबत

इथं परदेशात, सेम्बावांगला, आमच्या वरच्या मजल्यावर एझ्राकाका राहतात. मूळचे अलिबागजवळचे बेने इस्राएल, म्हणजे घरात मराठी बोलणारे ज्यू. इथल्या शिपयार्डात वेल्डिंग करून निवृत्त झालेले. २०१४ च्या जूनमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, उरलीसुरली नजरही फार दिवस टिकणार नाही. त्या संध्याकाळी काका म्हणाले, "मेघना, मला हजाएलच्या दगडाकडे नेशील?"

अस्सल दगड, म्हणजे अठ्ठावीसशे वर्षांपूर्वीचा एका राजाचा शिलालेख, जेरुसलेमच्या संग्रहालयात. तिथं जायचं दरवर्षी ठरायचं; मग काकू आजारी पडल्या, मग गेल्या. पण त्याची हुबेहूब प्रत इथल्या एका धर्मशास्त्र महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असल्याचं काकांनी शोधून काढलं होतं. प्रवेश फुकट, फक्त आधी फोन करून वेळ घ्यावी लागते.

शुक्रवारी मी रजा टाकली. धोबी घाट स्टेशनपर्यंत एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, पाऊण तास. वाटेत काकांनी गोष्ट सांगितली.

"इस्राएलच्या शेजारच्या अरामचा राजा बेन-हदाद आजारी. त्यानं हजाएलला अलीशा संदेष्ट्याकडे पाठवलं, मी वाचेन का विचार म्हणून. अलीशा हजाएलकडे बघत राहिला आणि रडायला लागला."

"का?"

"हा पुढे माझ्या लोकांचे काय हाल करणार, ते त्याला दिसलं. दुसऱ्या दिवशी हजाएलनं ओलं कापड राजाच्या तोंडावर पसरलं आणि स्वतः राजा झाला."

धोबी घाटहून टॅक्सी घ्या. पुढे चढ आहे. ग्रंथालयात काकांनी काचेला कपाळ टेकवलं. "काहीच दिसत नाही गं."

ग्रंथपाल बाई पुढे आल्या. त्यांनी काच सरकवली आणि त्या इथल्या इंग्रजी ढंगात म्हणाल्या, "प्रतच आहे, अंकल. कॅन टच, लाह. हळू हं."

शेजारी लावलेल्या अक्षरांच्या तक्त्यावर बघून मी काकांचं बोट अक्षरांवर ठेवलं. त्रिकोण, मग दोन फाट्यांचं अक्षर, पुन्हा त्रिकोण.

"दावीद," काका पुटपुटले. त्यांचं बोट पुन्हा पहिल्या त्रिकोणाकडे गेलं.

मी बाजूच्या पाटीवरची माहिती वाचली. दावीद राजाच्या घराण्यातला राजा मारल्याची दगडावरची ही बढाई बहुतेक अभ्यासकांच्या मते हजाएलची.

"आमच्या शास्त्रात मारणारा दुसराच आहे," काका हसले. "कुणीतरी थापा मारतंय! हजाएलचं नाव कुठाय?"

"नाही, काका. तो तुकडा सापडलेलाच नाही."

काकांचं बोट त्याच तीन अक्षरांवर. "म्हणजे त्याचं स्वतःचं नाव गेलं, आणि ज्यांना मारलं म्हणतो त्यांचं राहिलं." मी त्यांचं बोट तसंच राहू दिलं. ग्रंथपाल बाईंनीही घड्याळाकडे पाहिलं नाही.

लिटिल इंडियात डोसा खाऊन परतलो. इतकी वर्षं मला हे राजे नुसते गोष्टीतले वाटायचे. आता वाटत नाहीत. कुणीतरी छिन्नी धरून त्यांच्यासाठी घाम गाळला होता.

दारातच काकांनी इस्राएलात, अश्दोदला राहणाऱ्या लेकीला फोन लावला.

"पाहिला गं," ते म्हणाले. "हो, अगदी नीट पाहिला."