गोष्टीतली आई

आमच्या चाळीतली एक बाई गिरणीत सुताच्या कांड्या भरायची. कामाला जाताना तान्ही लेक झोपून राहावी म्हणून तिला अफूची गोळी द्यायची. सगळ्याच आया देत. चाळीच्या आधाराने मी शिकून मास्तर झालो, म्हणून संध्याकाळी सगळ्यांना मासिकातली गोष्ट वाचून दाखवी. गोष्टीतली आई घाबरली, की ही निजलेल्या लेकीच्या नाकाशी बोट धरी.

एकदा गोष्टीतली आई गाढ झोपलेल्या बाळाला हलवू लागली.

"मास्तर, उठतंय का न्हाय, तेवढं सांगा," ती बाई म्हणाली.

"पुढच्या अंकात कळेल."

"तवर त्या आईनं काय करायचं?"

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, तेव्हा ती किंचाळणाऱ्या लेकीला घेऊन निघाली.

शेजारीण म्हणाली, "गोळी दिली न्हाईस व्हय? मुकादम आत घेईल का?"

"रडू दे की," ती म्हणाली. "रडतीया म्हंजे जित्ती हाय."