बसमध्ये कुठून चढणार?

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं कसलासा ऑनलाइन फॉर्म भरताना वैतागला होतात. "आजी, हे लोक किती काय काय विचारतात," असं धाकटी म्हणाली आणि मी नुसती मान डोलावली. असा एक फॉर्म मीही बनवलेला आहे, हे तेव्हा सांगायचं राहिलं. म्हणजे बनवला शेजारच्यांच्या सुनेनं. ती घरी बसून लोकांच्या वेबसाइट तयार करते. पण त्या फॉर्मवरून तिचं डोकं खाल्लं आमच्या महिला मंडळानं, आणि मंडळाची चिटणीस मी होते.

आमचं मंडळ रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं. संक्रांतीच्या आधी दोघी-तिघींनी कुंकवाचा करंडा घ्यायचा, दारोदारी जायचं, बोलावणं करायचं, प्रत्येक घरी अर्धा कप चहा प्यायचा आणि शेवटच्या घरी पोचेपर्यंत पोट बिघडवून घ्यायचं, अशी पद्धत होती. मग रायपूर राजधानी झालं. काही वर्षांनी कचेऱ्या नव्या रायपूरला हलल्या, त्यांच्या मागोमाग क्वार्टर्स गेले आणि आमच्या कितीतरी बायकाही गेल्या. नवं रायपूर करंडा घेऊन पायी फिरण्यातलं नाही. म्हणून अध्यक्षबाईंनी ठरवलं की यंदा बोलावणं मंडळाच्या वेबसाइटवरून करायचं आणि तिकडच्या बायकांना आणायला बस पाठवायची.

बस भनपुरीच्या एका माणसाची होती. तो म्हणाला, "दीदी, गाडी तो भेज दूँगा, पर गुरुवार तक पक्के नाम चाहिए. खाली बस उतनी दूर नहीं जाएगी."

ही बस मला एकीसाठी हवी होती. माझी एक मैत्रीण होती. एकाच शाळेत ती गणित शिकवायची आणि मी इंग्रजी, आणि स्टाफरूममध्ये आमची कपाटं शेजारी होती. तिचे यजमान गेले, मग मुलाला मंत्रालयात नोकरी लागली आणि तो तिला नव्या रायपूरच्या क्वार्टरमध्ये घेऊन गेला. तिकडे ऑटो मिळत नसे, मुलगा दिवसभर कामावर. फोनवर ती म्हणायची, "इथे रस्ते इतके रुंद आहेत, की पलीकडे कोण राहतं ते दिसत नाही." बोलायची हसत, पण आठवड्यात तिसऱ्यांदा तेच बोलायची. गेल्यापासून ती एकदाही तात्यापाऱ्यात आली नव्हती. बस निघाली तर ती येणार, नाहीतर याही वर्षाचा सण ती त्या रुंद रस्त्याकडे बघत काढणार.

पहिला फॉर्म अध्यक्षबाईंनी सांगितला तसा झाला. नाव, सौ. की श्रीमती, सेक्टर, माहेरचं आडनाव, मूळ गाव, यजमानांचं सरकारी खातं, मुलं किती, आवडता पदार्थ, येणार का, आणि शेवटी उखाणा. प्रत्येक रकान्यापुढे लाल फुली, म्हणजे तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. तुमच्या आजोबांनी चष्मा कपाळावर चढवून तो पाहिला.

"हे तिळगूळ वाटून राहिले का पोलीस भरती करून राहिले?" ते म्हणाले.

"तुम्ही वर्तमानपत्र वाचा."

"वाचतो ना. पण काहून विचारता यजमानाचं खातं? तिळगूळ देणार बायकोले, अन् खातं माझं."

दोन दिवसांत एकही फॉर्म आला नाही. फोन मात्र आले. एकीनं विचारलं, उखाणा आधी कोणी लिहिलेला चालेल का. दुसरी म्हणाली, "मले आठवून राहिला होता, पण ते चाक गोल गोल फिरलं अन् सगळं पुसून गेलं." तिसरीनं उखाण्याच्या रकान्यात लिहून पाहिलं होतं की समोरासमोर सांगीन. मशीनला तेवढं पुरलं असतं, पण त्या बाईला पुरलं नाही. तिनं फॉर्म बंद केला आणि पाठ करायला बसली.

शेजारची सून हे सगळं शांतपणे ऐकत होती. ती आपल्याच लोकांतली, मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत देते. "काकू, जो चीज़ आपको उस दिन काम नहीं आने वाली, वो पूछना ही मत," ती म्हणाली. मी शिस्तीची बाई. मी लाल पेन घेऊन बसले आणि एकेक रकाना वाचून स्वतःला विचारू लागले, हे कळून मी करणार काय? आवडता पदार्थ कळून मी काय करणार होते? तिळाची वडी सोडून दुसरं काही मिळणारच नव्हतं. उखाण्यासाठी अध्यक्षबाई शेवटपर्यंत भांडल्या. शेवटी तो बसमध्ये माईकवर घ्यायचा असं ठरलं, तेव्हा कुठे त्यांनी तो सोडला.

दुसऱ्या फॉर्ममध्ये चारच गोष्टी राहिल्या. नाव, सेक्टर, सौ. की श्रीमती, आणि "येणार का?" शेवटच्या प्रश्नापुढे दोन गोल. हो आणि नाही.

बाळांनो, आपल्या बायकांना असा प्रश्न विचारायचा नसतो. "हो" म्हणावं तर आयत्या वेळी पाहुणे टपकतात. "नाही" म्हणावं तर बोलावणाऱ्याचा अपमान. आपल्यात बोलावणं आलं की म्हणायचं, बघते, जमलं तर येते. आणि वेळेच्या आधी येऊन बसायचं. त्या दोन गोलांपुढे चांगल्या शिकलेल्या बायका हात आखडून बसल्या. मग मी हुशारी करून तिसरा गोल घालायला लावला, "बघते, जमलं तर." संध्याकाळपर्यंत फॉर्म भराभर आले, आणि जिनं जिनं भरला तिनं तोच गोल दाबला.

बसवाल्याला मी आनंदानं फोन केला. "हव दीदी," तो म्हणाला, "तो फिर मैं भी देखता हूँ. जम गया तो बस भेज दूँगा."

फोन ठेवला तेव्हा मंगळवार संपत आला होता. सून माझ्या डायनिंग टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. मी चिडून म्हटलं, "यांना यायचं असतं, सगळ्यांना यायचं असतं. तोंडानं म्हणणार नाहीत. पण बस कुठे थांबेल, कोपऱ्यावर थांबेल का, हे मात्र प्रत्येकीनं मला फोन करून विचारलंय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तो वही पूछ लेते हैं ना, काकू."

तिनं "येणार का?" काढून टाकलं. त्या जागी लिहिलं, "बसमध्ये कुठून चढणार?" आणि खाली थांब्यांची नावं. बँकेचा कोपरा, भाजी बाजार, दवाखान्याचं फाटक. झालं. येते म्हणायला जिची जीभ वळत नव्हती, तिनं थांबा बरोबर निवडला. एकीनं तर वर लिहिलं की बँकेच्या कोपऱ्यावर ऊन असतं, बस सावलीत लावावी. बुधवारी सकाळी मी नावं वहीत उतरवली. पण अजून बस भरत नव्हती, आणि त्या नावांत माझ्या मैत्रिणीचं नाव नव्हतं.

सुनेनं मला एक गोष्ट दाखवली. किती जणींनी फॉर्म उघडला आणि कोणत्या रकान्याशी येऊन तो बंद केला, हे तिला दिसत होतं. कोण ते दिसत नव्हतं. "काकू, ये देखिए. नाम लिखती हैं, सेक्टर लिखती हैं, और यहाँ आके चली जाती हैं. दो-चार नहीं, बहुत सारी." तिचं बोट "सौ. की श्रीमती" या रकान्यावर होतं.

मी मैत्रिणीला फोन लावला.

"फॉर्म भरलास?"

"उघडला होता. मग दूध उतू गेलं."

"कोणत्या रकान्यावर उतू गेलं?"

ती खुर्ची ओढून बसल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "अगं, सौ. की श्रीमती विचारलंय. कशाला विचारता ते? एका ओळीत बसवायच्या, दुसऱ्या ओळीत बसवायच्या, म्हणूनच ना? मी दुसऱ्या ओळीसाठी एवढ्या लांबून येऊ?"

आमच्या मंडळानं हळदीकुंकवाचं नाव बदलून तिळगूळ मेळावा केलं होतं. नवरा असो वा नसो, सगळ्यांना बोलवायचं, असा ठरावही झाला होता. ठराव करताना टाळ्या वाजल्या. पण ठराव मिनिट बुकात होता आणि रकाना फोनवर होता. तिला दिसला तो रकाना.

मी तडक अध्यक्षबाईंकडे गेले. त्या गूळ चिरत बसल्या होत्या.

"अवो, पण ताट घेऊन फिरताना कळलं पाहिजे ना, कोणाले लावायचं अन् कोणाले नाही," त्या म्हणाल्या. "उगाच एखादीचं मन दुखलं तर?"

"दुखलंय. ताट निघायच्या आधीच."

"मग काय करावं म्हणता तुम्ही?"

"ताट सगळ्यांपुढे धरा. जिला जे घ्यायचं ते ती घेईल."

त्यांनी विळी बाजूला केली. त्यांची स्वतःची बहीणही यजमान गेलेली, सदर बाजारात राहणारी, आणि मेळाव्याला दर वर्षी तिच्या पायाला काहीतरी होत असे. "काढून टाका," त्या म्हणाल्या. "अन् ते ओळीबिळी नको. सतरंज्या गोल घाला."

रकाना काढायला सुनेला एक मिनिटही लागलं नाही. मग मी मैत्रिणीला पुन्हा फोन केला आणि काय झालं ते सांगितलं. तिनं फॉर्म उघडला, थांबा निवडला, आणि पुढच्या तासाभरात तिच्या सेक्टरमधून अशी अशी नावं आली, की त्या बायका तिकडे राहतात हे मला ठाऊकच नव्हतं. पलीकडे कोण राहतं ते तिनं शेवटी रस्ता ओलांडून पाहिलं होतं. काहींचे फॉर्म तिनंच भरले होते. गुरुवारी मी बसवाल्याला नावं वाचून दाखवली. अर्ध्यात तो म्हणाला, "बस दीदी, समझ गया, बड़ी वाली भेजता हूँ."

संक्रांतीला ती दवाखान्याच्या फाटकाशी चढली आणि हॉलमध्ये आली ती माझ्यावर चिडतच. "अक्षरं किती बारीक ठेवलीत, 'पाठवा' हे बटण अगदी तळाशी काय लपवलंय, माझ्या शेजारणीला सापडतच नव्हतं, परीक्षेच्या पेपरात तू अशीच ढिसाळ छपाई करायचीस." मी सुनेला हाक मारून ते सगळं लिहून घ्यायला लावलं. अध्यक्षबाई ताट घेऊन सतरंजीच्या गोलात फिरत फिरत तिच्यापुढे आल्या आणि इतरांपुढे थांबल्या तेवढ्याच थांबल्या. तिनं हळद लावून घेतली, कुंकवाला हलकेच हात आडवा केला, आणि तिळाच्या दोन वड्या उचलल्या.

अंधार पडायला लागला तेव्हा ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला. "मैडम लोग, चलिए." कोणी हललं नाही. तो बाहेर गेला आणि त्यानं हॉर्न वाजवला. मैत्रीण माझ्या शेजारी मांडी घालून बसली होती, तिची नवी शेजारीण पलीकडे. ती त्या शेजारणीला स्टाफरूममधली माझी एक गोष्ट सांगत होती. ती पूर्ण खोटी होती.

"निघायचं का?" मी म्हटलं.

"थांब," ती म्हणाली, "हिला एवढं ऐकू दे," आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.