थोरल्याचा थेंब

आमच्या घरात पिण्याआधी एक थेंब जमिनीवर टाकतात, गेलेल्यांसाठी. टाकायचा तो घरातल्या थोरल्यानं. वडील गेल्यापासून हा मान माझ्या भावाचा.

दर शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघे भात झोडायच्या खळ्यात बसतो. मी आटगावच्या कारखान्यातून येतो, तो शेतातून. त्याची मोहाची दारू, माझी आयरिश व्हिस्की. परदेशी बाटल्यांमध्ये ही त्यातल्या त्यात परवडणारी. तरी घेताना हात थोडा आखडतोच. दुकानदार तिला ब्लेंडेड म्हणतो. म्हणजे दोन-तीन तऱ्हेची व्हिस्की एकत्र केलेली, आपण जुन्या तांदळात नवा मिसळतो तशी. धुराचा वास नाही, घशाला चटका नाही. आधी पिकल्या सफरचंदाचा वास येतो, मग जिभेवर मधासारखा गोडवा, शेवटी भाजलेल्या धान्याची किंचित चव. आणि लगेच विरते. फार थोर काही नाही. पण दिवसभर कुणी ना कुणी डोक्यावर बसलेलं असतं. संध्याकाळी एक तरी गोष्ट मऊ लागावी, एवढंच माझं मागणं.

भावाला ती कधी पटली नाही. एकदा घोटभर घेऊन त्यानं तोंड वाकडं केलं. "ही काय दारू हाय? पोरांच्या खोकल्याचं औषध!" पुन्हा हात लावला नाही.

पावसाळ्यात त्याचे डोळे पिवळे झाले. शहापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, लिव्हर पार खराब झालंय, आता थेंबही नको. मी म्हटलं, मग मीही सोडतो. तर माझ्यावरच खेकसला. "तू कशाला सोडतोस? मी एकटा बसू काय खळ्यात?" त्यामुळे बसणं चालूच राहिलं. मी पितो, तो वहिनीनं दिलेलं ताक पितो. थेंब मात्र तोच टाकतो, माझ्या ग्लासातून.

यंदाची झोडणी मी मजूर लावून उरकली. कारखान्याची पाळी करून वर हे. गेल्या शनिवारी प्यायचीही इच्छा नव्हती. खरं सांगायचं तर मी कंटाळलो होतो. कामाला, त्याच्या पिवळ्या डोळ्यांना, आणि सगळं ठीक आहे असं दाखवत बसण्याला. त्यानंच बाटली पुढे सरकवली. मी ओतली. त्यानं ग्लास उचलून नाकाशी नेला आणि बराच वेळ वास घेत राहिला.

"कशी लागते रे?"

"तुला माहितेय की, दादा. खोकल्याचं औषध."

तो हसला नाही. "नीट सांग."

मी सांगितलं. सफरचंद, मध, भाजलेलं धान्य. तो डोळे मिटून ऐकत होता. मग ग्लास माझ्या हातात देत म्हणाला, "आज थेंब तू टाक."

"थोरला तू आहेस. तूच टाक," मी चिडून म्हणालो.

"तुझा हात बसायला पायजे."

मला त्याचा इतका राग आला की उठून जावंसं वाटलं. पण अंगात त्राण नव्हतं. मी ग्लास कलता केला. थेंबाऐवजी चांगली धार सांडली. तो त्या ओल्या मातीकडे बघत राहिला.

"माझ्या टायमाला पन हीच टाक," म्हणाला. "मोहाची नको."