उसना वारा

धुकं पडद्यासारखं हळूहळू वर सरकतं आणि नेकनूरच्या वरचा माळ दिसू लागतो. उजव्या हाताला पत्र्याची खोली. दारातल्या बाभळीखाली काळी घोंगडी अंथरलेली, आणि घोंगडीवर म्हातारे धुळाजी. छातीचा भाता वर जातो, अडतो, खाली येतो. उशाशी त्यांची बायको अंजनाबाई, हातात पाण्याची वाटी, वाटीत तुळशीचं पान. डाव्या हाताला वाघर, म्हणजे मेंढ्या कोंडायचं जाळीचं कुंपण. ते मात्र रिकामं. ज्या रंगमंचावर हा माणूस जन्मभर वावरला, तिथली सगळी पात्रंच कुणीतरी बाहेर काढली होती.

झालं होतं ते असं. खाटेवरून खाली घोंगडीवर घेतलं, तरी धुळाजींचा प्राण जाईना. लेक योगिता गेवराईहून आली, तिनं पाणी पाजलं. कपाळाला बिरोबाचा भंडारा लावला. तरी नाही. मग भावकीतले राधाकिशन म्हणाले, "जीव मेंढरांत गुंतलाय. त्यांचा आवाज कानावर पडतोय तवर सुटायचा न्हाई." आणि कळप टेकडीपल्याड हाकलला गेला.

पंचक्रोशीत धुळाजींचं नाव होतं ते एका गोष्टीसाठी. जन्मलेलं कोकरू निपचित पडलं, की लोक त्यांना बोलवायला धावायचे. ते बोटानं चिकटा काढत, गवताची काडी नाकपुडीत फिरवत, आणि तरीही हालचाल नसली तर कोकराचं नाक ओठांत धरून फुंकत. कोकरू शिंकायचं, टाकलेली मान उचलायचं. बायाबापड्या हात जोडायच्या, तेव्हा हे मिशा पुसत म्हणायचे, "म्या कशाचा देतो बाई? उसना वारा हाय. बापानं माझ्यात घातला, म्या ह्याच्यात." हे काम मात्र त्यांनी कधी दुसऱ्याकडे दिलं नाही. अंजनाबाईनं कोकरू धरायचं, बस. तिनं जन्मभर धरलंच.

पुतण्या भागवत शाळेत योग शिकवायचा. दम्यानं चुलत्याला घेरलं तेव्हा त्यानं शेजारी बसून पंचप्राण समजावले होते. प्राण छातीत, अपान खाली, समान पोटात, व्यान अंगभर, उदान कंठात. आणि शेवटच्या घटकेला उदानच प्राणाला वर नेतो. धुळाजींनी मन लावून ऐकलं.

"पाच गडी हायेत म्हण की! मंग एकाला दम लागला, तर बाकीच्या चौघांनी रेटावं का न्हाई लेका?"

भागवत हसला होता. आज तो घोंगडीच्या कडेला बसून डोळे पुसत होता.

"काकू, उदान अडलाय तात्याचा."

"अडंल न्हाईतर काय!" अंजनाबाई कडाडली. "मेंढरांच्या वासातच श्वास घेतलाय त्या मानसानं. तुमी वास बी ठिवला न्हाई जवळ."

"वैनी, माया हाय ती," राधाकिशन म्हणाले. "मायेनं जीव अडकतो."

"माया न्हाई भावजी, घोर हाय! चांदी वेताला टेकलीया. तिचं कोकरू अडलं तर फुंकायचं कुनी? त्यात अडकलाय जीव. आना मेंढरं माघारी."

वैनीपुढं राधाकिशनांचं काही चाललं नाही. दुपारी कळप टेकडी उतरला. पहिलं बेंऽऽ कानावर आलं आणि धुळाजींच्या पापण्या हलल्या.

उन्हं कलती झाली तेव्हा चांदी व्याली. कोकरू पडलं ते पडलंच. सवयीनं सगळ्यांच्या नजरा घोंगडीकडे वळल्या आणि तशाच खाली झुकल्या.

अंजनाबाईनं ओलं कोकरू उचलून धुळाजींच्या कुशीजवळ आणलं. "धर गं योगे." जे काम आजवर तिचं, ते लेकीला दिलं. स्वतः बोटानं चिकटा काढला, काडी फिरवली. काही नाही. मग तिनं ते इवलं नाक ओठांत धरलं आणि सगळ्या ताकदीनं फुंकलं. कोकराचं अंग नुसतं थरारलं, पुन्हा निपचित.

धुळाजींचे ओठ हलले. अंजनाबाईनं कान जवळ नेला. ऐकलं. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच पाण्यातून हसू फुटलं. ती परत वाकली. या खेपेला तिनं लेकराच्या डोळ्यातलं कुसळ काढावं तशी अलगद फुंकर घातली. थांबली. पुन्हा घातली.

कोकरू शिंकलं.

तिनं ते तसंच धुळाजींच्या तळव्याखाली सरकवलं. बोटं ओल्या लोकरीत हलली. भाता वर गेला, सावकाश खाली आला, आणि परत वर गेला नाही.

दहाव्याला राधाकिशन खालच्या मानेनं तिच्यासमोर बसले. कोकरू तिचा पदर चघळत होतं.

"वैनी, शेवटी ओठ हलले व्हते दादाचे. देवाचं नाव घेतलं का?"

"न्हाई," अंजनाबाई म्हणाली. कोकराच्या तोंडातून तिनं पदर सोडवला. "म्हनले, 'अगं, हळू फुंक. कोकरू हाय ते, चूल न्हाई.'"