पहिलं इंजेक्शन लागू होण्याआधी

कोऱ्हाळे बुद्रुकच्या रामहरींनी साखर कारखान्यात एकोणतीस हंगाम बॉयलरवर काढले. ड्रममधली पाण्याची पातळी राखायची, हे त्यांचं काम. पातळी घसरली तर नळ्या जळतात, चढली तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये शिरतं. नवखा माणूस पातळी उतरलेली दिसली की व्हॉल्व्ह भसकन उघडतो आणि ती वर उसळली की घाबरून बंद करतो. रामहरी त्याला सांगायचे, "थोडं फिरवायचं अन् हात काढायचा. केलेलं दिसायला येळ लागतो."

त्यांच्या बायकोला, जयवंताबाईंना, इन्सुलिन सुरू झालं तेव्हा घरातही तीच ओढाताण सुरू झाली. साखर वाढली की बारामतीचे डॉक्टर डोस वाढवायचे आणि बाई भेंडीच्या वाफ्यात घामाघूम होऊन कोसळायच्या. मग डोस निम्मा. साखर परत आभाळाला. शेवटी रामहरींनी वही लिहायला घेतली. जेवण, काम, सुई, साखर, सगळं वेळेसकट. चार महिन्यांनी ती वही चाळून डॉक्टरच म्हणाले, "आता एकेका युनिटनं बदलू." पुढं सव्वा वर्ष बाई एकदाही पडल्या नाहीत.

मग इंदापूरला मुलीकडे, स्वरूपाकडे, गेल्या असताना पायात काच घुसली. जखम चिघळली, ताप चढला. स्वरूपानं जवळच्या दवाखान्यात दाखल केलं. रामहरी वही घेऊन पोचले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. साखर चारशे ऐंशी, पोटावर इन्सुलिनचं एक इंजेक्शन देऊन झालेलं. तासाभरानं तपासलं, फारशी उतरली नव्हती, दुसरं दिलं. आणखी तास गेला आणि ड्युटीवरच्या डॉक्टरनं तिसरं भरलं.

"सायेब, थांबा. पहिलंच अजून पुरतं लागू झालं न्हाय. तिन्ही एकदम लागू हुतील."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"न्हाय. बॉयलरवर हाय."

नर्स हसली. "काका, बाहेर बसा," डॉक्टर म्हणाला. रामहरी वही उघडून दाखवू लागले, तशी स्वरूपानं त्यांचा दंड धरला. "आबा, गप बसा की. लोकं बघत्यात."

ते बाहेर जाऊन बसले.

साडेचारला आत धावपळ झाली. साखर अठ्ठावीसवर आली होती.

बाई वाचल्या, पण त्यांचं बोलणं गेलं. माणसं ओळखू येईनात. घरी सोडताना दिलेल्या कागदावर लिहिलं होतं, 'रक्तातील साखर अचानक कमी झाल्याने.'

"अचानक कुठं?" रामहरी म्हणाले. "मी सांगितलं हुतं की."

डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे वळला होता.

आता स्वरूपा दर रविवारी कोऱ्हाळ्याला येते. एकदा ती आईचे पाय चेपता चेपता रडायला लागली. "आबा, मीच तुमास्नी गप बसवलं."

न्हाय गं बाई, असं म्हणायला त्यांना काहीच जड गेलं नसतं.

"व्हय," रामहरी म्हणाले, आणि जयवंताबाईंच्या हनुवटीवर ओघळलेली पेज पुसू लागले.