सुमतीताईंनी भरलेली बाटली

सावर्ड्याला एसटीतून उतरलो तेव्हा पिशवीत रिकाम्या बाटल्या होत्या आणि डोक्यात मास्तरकीची घमेंड. आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला पाण्याबद्दल कोण काय सांगणार! माझ्या जुन्या सहकाऱ्याची बहीण इथून जवळच्या एका वाडीत राहते. तिथला पऱ्या (ओढा) कारखान्यांच्या सांडपाण्याने नासला होता. वाडीने तक्रार केली, पाण्याचा नमुना पाठवला, तर अहवाल आला की पाणी उत्तम आहे. "तू एकदा जाऊन बघ," असं सहकारी म्हणाला, म्हणून आलो.

रिक्षाने अर्ध्या वाटेत सोडलं. पुढे पाखाडी (जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट) होती. तिसऱ्याच पायरीवर घसरलो आणि उरलेल्या चार बसूनच उतरलो. मला न्यायला आलेली सहकाऱ्याची बहीण, सुमतीताई, हसू दाबत म्हणाल्या, "गुर्जी, सावकाश. पऱ्या कुठं पळून जात नाय."

जेवायला घावणे आणि काळ्या वाटाण्यांची उसळ होती. मी हावरटासारखा जेवलो. पाणी मात्र ताईंनी तांब्यातून जपून ओतलं, कारण ते टँकरचं होतं.

"अंगणाखाली विहीर दिसली की," मी म्हणालो.

"ती पऱ्याच्या पाझरावर हाय. म्हशी त्या पान्याला तोंड लावत नायत, मानसाला कसं देऊ?"

आणि आता टँकरही जाणार होता. पाणी उत्तम असल्याचा कागद आल्यावर टँकर कशाला, असं म्हणून पुढच्या आठवड्यापासून तो बंद होणार होता.

दुपारी पऱ्यावर गेलो. कारखान्यांकडून येणारा एक नाला त्याला मिळतो. तिथून खाली पाणी काळपट तपकिरी, दगडांवर बुळबुळीत थर, आणि डोळे चुरचुरतील असा वास. मासा नाही, बेडूक नाही. सांडपाणी हा शब्द मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिला असेल, पण त्याच्या इतक्या जवळ कधी उभा राहिलो नव्हतो. मला स्वतःची लाज वाटली.

"मग अहवाल चांगला कसा आला? नमुना कुणी भरला होता?"

"मीच. तासभर चढून गेले, पार वरच्या झऱ्यावर. तिथं कळशीभर पानी मिळतं अजून. बाटली राखेनं घासली, पानी फडक्यातनं गाळलं. सायबांकडं पाठवायचं, ते घान कसं पाठवायचं?"

माझ्या तोंडाकडे बघता बघता त्यांना सगळं उमगलं आणि त्या दगडावर बसल्या.

"म्हंजे टँकर माज्यामुळं जातोय?"

मी पिशवीतून एक रिकामी बाटली काढली. बाटली भरायला मी वाकलो, तर त्यांनी ती हातातून काढून घेतली. "मीच भरते," म्हणाल्या. भरल्यावर हात पदराला पुसला, वास घेतला, पुन्हा पुसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं, आधीचा नमुना पाठवला होता त्या कचेरीत गेलो. मी जागा, वेळ लिहिलेली चिठ्ठी बाटलीला चिकटवली होती. तिथल्या साहेबांनी झाकण उघडलं आणि खुर्चीसकट मागे सरकले. सुमतीताईंनी घाईघाईने हात जोडले. "माफ करा सायेब. आमच्या वाडीत आता ह्येच पानी हाय."

साहेबांनी झाकण लावलं. मग म्हणाले, "आमचा माणूस येऊन स्वतः नमुना घेईल. तोवर टँकर चालू राहील, तसं पत्र आजच देतो."

परतीच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. बाहेर काजूच्या बागा, भाताची कापलेली खाचरं, सगळं नेहमीसारखं देखणं होतं. कोकणातून परतताना मी घरच्यांसाठी असंच काहीबाही टिपून घेतो. या वेळी वही उघडलीच नाही. मनात राग मावत नव्हता. ते पाणी नाल्यात सोडणाऱ्यांपैकी वाडीत अजून कुणी फिरकलेलंसुद्धा नाही. माफी मागितली ती सुमतीताईंनी.